आधी पंप, मग भिंती : छोट्या प्रयोगशाळेतला यंत्रांचा आवाज कमी करताना

एखाद्या महाविद्यालयात किंवा लहान संशोधन संस्थेत मास स्पेक्ट्रोमीटरसारखे (निर्वात पोकळीत रेणूंचे वस्तुमान मोजणारे) महागडे उपकरण येणार असते, तेव्हा वीजजोडणी, वातानुकूलन, वायूचे सिलिंडर आणि भक्कम ओटा यांचा विचार महिनोन्‌महिने होतो. आवाजाचा विचार मात्र उपकरण सुरू झाल्यावरच सुरू होतो. तोपर्यंत खोली ठरलेली असते, आणि ती बहुधा एखाद्या जुन्या वर्गातून पार्टिशन घालून काढलेली असते. खाली गुळगुळीत फरशी, वर सिमेंटचा गिलावा, बाजूने काचेची तावदाने आणि कडप्प्याचा ओटा अशा या खोलीत आवाज पिऊन घेणारी एकही वस्तू नसते. तिच्यात हवा खेचून पोकळी करणारा व्हॅक्यूम पंप, उणे ८० अंशांचा फ्रीझर, धूरकपाटाचा (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाचा) पंखा आणि एअर कंडिशनर एकत्र चालू लागले की काही दिवसांनी कोणीतरी भिंतींना फोम लावण्याची सूचना करते. ही सूचना बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून सुरुवात करणारी असते. तसे का, हे समजण्यासाठी थोडे ध्वनिशास्त्र आणि थोडी आकडेमोड करावी लागते, पण दोन्ही शाळेच्या गणितापलीकडची नाहीत.

प्रथम प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. अमेरिकेतील निऑश ही व्यावसायिक आरोग्याची संस्था आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवते. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाखालील आदर्श नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा ठरवलेली होती. लहान उपकरण-खोलीतला आवाज सहसा ६० ते ७० डेसिबलच्या दरम्यान राहतो, म्हणजे त्याने श्रवणशक्ती जाण्याची भीती फारशी नसते. त्रास वेगळाच असतो. एक मीटर अंतरावरून केलेले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. खोलीचा आवाजही तेवढाच असेल तर समोरच्याचे बरेच शब्द निसटतात. मग माणूस नकळत आवाज चढवतो. या सवयीची नोंद एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये केली होती आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. दिवसभर आवाज चढवून बोलणे, आकडे चुकीचे ऐकू येणे, उपकरणाची धोक्याची शिट्टी लक्षात न येणे आणि संध्याकाळी डोके जड होणे ही खरी किंमत आहे, आणि ती कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही.

डेसिबलांची बेरीज

डेसिबल हे लॉगरिदमवर आधारलेले माप असल्यामुळे त्यांची बेरीज नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही. ६० डेसिबलचा एक पंप चालू असताना तसाच दुसरा सुरू केला तर आवाज १२० होत नाही, ६३ होतो. दहा पंप लावले तर ७० होतो, आणि कानाला हा बदल साधारण दुप्पट मोठा वाटतो. उलट ६० डेसिबलच्या पंपाशेजारी ५० डेसिबलचे यंत्र सुरू केले तर एकूण आवाज ६०.४ होतो, म्हणजे कानाला फरक जाणवतच नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की सर्वांत मोठा आवाज करणारे यंत्र तसेच ठेवून लहान यंत्रांवर केलेला खर्च वाया जातो.

उदाहरणादाखल पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घेऊ. तिच्या मध्यभागी एकेका यंत्राचा वेगळा आवाज असा धरू : पंप ६२, धूरकपाटाचा पंखा ५८, फ्रीझर ५५, एअर कंडिशनर ४८ आणि संगणक ४२ डेसिबल. सगळे एकत्र चालले तर बेरीज ६४.२ होते. आता एअर कंडिशनर आणि संगणक दोन्ही पूर्ण बंद केले तरी ती ६४ च राहते. पण फक्त पंपाचा आवाज १० डेसिबलने उतरवला तर बेरीज ६०.७ वर येते. त्यानंतर पंखा सर्वांत मोठा ठरतो. तो ५ डेसिबलने उतरवला तर एकूण ५८.८, आणि फ्रीझर बाहेर हलवला तर ५६.४. म्हणजे तीन यंत्रांवर क्रमाने काम केल्यावर जवळजवळ ८ डेसिबल कमी झाले, आणि भिंतींना अजून हातही लावलेला नाही. हा क्रम बदलला तर तेवढ्याच पैशांत त्यातले फारसे काही हाती लागत नाही.

मोजणी आणि शोध

यासाठी कोणते यंत्र किती आवाज करते हे आधी कळायला हवे. प्रमाणित ध्वनिमापक मिळाला तर उत्तमच, पण फरक मोजायचे असतील तर मोबाइलवरचे चांगले अ‍ॅपही चालते, कारण आपल्याला नेमका आकडा नको असतो, यंत्र बंद केल्यावर तो किती उतरतो एवढेच पाहायचे असते. मोबाइल प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर आणि भिंतीपासून दूर ठेवावा. जी यंत्रे बंद करता येतात ती एकेक करून बंद करावीत. मास स्पेक्ट्रोमीटरची निर्वात पोकळी मात्र केवळ या प्रयोगासाठी मोडू नये. देखभालीसाठी ती बंद होणार असेल तो दिवस मोजणीसाठी राखून ठेवावा. सर्व काही बंद असतानाही खोलीत किती आवाज उरतो हे नोंदवणे महत्त्वाचे आहे, कारण तो आवाज रस्त्याचा किंवा वरच्या मजल्यावरच्या यंत्राचा असेल तर आपल्या पंपावर कितीही मेहनत घेतली तरी त्याच्या खाली जाता येणार नाही.

मापकावर ए आणि सी असे दोन मापक्रम असतात. ए हा मापक्रम मानवी कानाप्रमाणे खर्जातल्या आवाजाला कमी वजन देतो. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, आवाजातून तो सुमारे १९ डेसिबल वजा करतो, तर सी जवळजवळ काहीच वजा करत नाही. त्यामुळे दोन्ही आकड्यांत १५ किंवा त्याहून जास्त फरक आला तर खोलीत खर्जातली गुणगुण मुख्य आहे असे समजावे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्रान्सफॉर्मर आणि स्टॅबिलायझर तिच्या दुपटीने, म्हणजे १०० हर्ट्झने गुणगुणतात. सूं-सूं असा पसरट आवाज हवेच्या प्रवाहाचा असतो, टोकदार शिट्टी बहुधा वेगाने फिरणाऱ्या पंख्याची किंवा एखाद्या फटीतून शिरणाऱ्या हवेची असते, आणि खडखड सैल पत्र्याची. शेवटच्या प्रकारासाठी मापकही लागत नाही. चालू यंत्राच्या पत्र्यावर तळहात दाबून पाहावा, आणि आवाज उतरला तर पत्राच वाजत होता हे सिद्ध होते.

असे शोधताना बऱ्याचदा दुरुस्तीच समोर येते. सैल स्क्रू, धुळीने तुंबलेली फ्रीझरची जाळी, पात्यांवर मळ बसल्याने तोल गेलेला पंखा आणि नळ्या समोरासमोर समतोल न ठेवता चालवलेले सेंट्रिफ्यूज (नमुन्यांच्या नळ्या गरगर फिरवणारे यंत्र) यांचा आवाज कमी करायला ध्वनिशास्त्र लागत नाही. तेलावर चालणाऱ्या रोटरी व्हेन (फिरत्या पात्यांच्या) पंपाच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष पाहाव्यात. बाष्प बाहेर काढण्यासाठी दिलेली गॅस बॅलास्टची झडप उघडी राहिली तर पंप लक्षणीय मोठ्याने चालतो. गरज संपल्यावर ती बंद करावी. दुसरे म्हणजे पोकळी अगदी चांगली झाल्यावर काही पंप ठकठक करू लागतात, कारण तेलाला गादीसारखा आधार देणारा वायू आत उरलेला नसतो आणि तेल थेट झडपेवर आपटते. ती ठकठक म्हणजे बिघाड असेलच असे नाही. अनेक पंपांत किंचित हवा आत सोडून हा आवाज शमवण्याची सोय कारखान्यातूनच केलेली असते, आणि ती कोठे आहे हे माहितीपुस्तिकेत सापडते. उलट तासन्‌तास पंप चालूनही त्याचा आवाज सुरुवातीसारखाच घुरघुरता राहिला, तर कोठेतरी गळती आहे का हे आधी तपासावे.

कंपन : ओटाच वाजतो तेव्हा

तंबोऱ्याची तार एकटी ताणून छेडली तर जेमतेम ऐकू येते. भोपळा आणि तबली जोडल्या की तीच तार दिवाणखाना भरून टाकते. ओट्यावर ठेवलेल्या पंपाचे तेच होते. पंपाचे स्वतःचे पृष्ठ लहान असते, पण त्याचे कंपन कडप्प्यात, लोखंडी टेबलात किंवा लाकडी पार्टिशनमध्ये उतरले की कित्येक चौरस मीटरचे पृष्ठ हवा हलवू लागते. म्हणून पहिला साधा उपाय म्हणजे पंप ओट्यावरून किंवा टेबलाच्या कप्प्यातून काढून थेट जमिनीवर ठेवणे, आणि दुसरा म्हणजे त्याखाली योग्य आधार देणे.

‘योग्य’ या शब्दात सगळे गणित आहे. कोणताही लवचिक आधार यंत्राच्या वजनाने थोडा दबतो, आणि तो किती दबला यावरून त्या जोडीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपोआप सेकंदाला किती वेळा झुलते, हे ठरते : दबलेल्या मिलिमीटरांच्या वर्गमुळाने १५.८ ला भागले की ती हर्ट्झमध्ये मिळते. यंत्राच्या कंपनाची वारंवारता या नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या वर असेल तरच आधार कंपन अडवतो. त्याच्या खाली तो काही अडवत नाही, आणि दोन्ही वारंवारता जुळल्या तर कंपन वाढवतो. आपल्याकडे चार ध्रुवांची मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. आता पंपाखाली टायरच्या जाड रबराचा तुकडा ठेवला आणि तो अवघा ०.४ मिलिमीटर दबला, तर नैसर्गिक वारंवारता २५ हर्ट्झ होते आणि पंप पूर्वीपेक्षा जास्त थरथरू लागतो. रबर एक मिलिमीटर दबले तरी तीन-चतुर्थांश कंपन खाली उतरतेच. चार मिलिमीटर दबणारी स्प्रिंग किंवा मऊ माउंट (यंत्राखाली बसवायचा लवचिक पाय) असेल तर मात्र जेमतेम आठवा भाग खाली जातो. वेगाने हलणाऱ्या भाराखाली रबर स्थिर भारापेक्षा ताठ वागते, त्यामुळे रबराच्या बाबतीत हे गणित थोडे आशावादीच समजावे. २४ हर्ट्झचा मूळ स्वर कानाला फारसा ऐकू येत नाही, हे खरे. पण जो आधार तो अडवतो तो त्याच्या वरचे ऐकू येणारे सूर आणखी चांगले अडवतो.

माउंट विकत घेताना म्हणूनच पंपाचे वजन चार पायांवर कसे विभागले आहे ते पाहून, त्या वजनाला किती मिलिमीटर दबते हे विक्रेत्याला विचारावे. जास्त वजनासाठी बनवलेले माउंट हलक्या पंपाखाली दगडासारखे वागते. शिवाय पंप मऊ आधारावर ठेवून त्याची ताठ पोलादी नळी तशीच भिंतीला घट्ट आवळली असेल, तर कंपन नळीच्या वाटेने जाते आणि माउंटचा खर्च व्यर्थ ठरतो; नळीत लवचिक तुकडा हवा आणि तिला वळसा हवा. सेंट्रिफ्यूजच्या खाली मात्र निर्मात्याला विचारल्याशिवाय स्प्रिंग किंवा मऊ गादी घालू नये. त्याचा तोल बिघडला तर ते ओट्यावरून सरकत जाऊ शकते, आणि हा धोका आवाजापेक्षा कितीतरी मोठा आहे.

पंप खोलीबाहेर

जागा असेल तर पंप शेजारच्या कोठीत, गच्चीत किंवा बंद कपाटात हलवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे, आणि माझ्या मते इतर सगळ्या उपायांच्या आधी याचाच विचार व्हायला हवा. त्याला विरोध होतो तो लांब नळीमुळे पोकळी बिघडेल या भीतीने. भीती रास्त आहे, पण तिचे उत्तर नळीच्या व्यासात आहे. टर्बोमॉलिक्युलर पंप (उपकरणाला जोडलेला, अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांचा पंप) आणि आपला पंप यांच्यामधल्या नळीत वायूचा दाब पुरेसा असतो तोवर नळीची वाहकता, म्हणजे वायू वाहू देण्याची क्षमता, व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते आणि लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. २५ मिलिमीटर व्यासाची नळी काढून ४० मिलिमीटरची घातली तर वाहकता साडेसहा पट होते, म्हणजे तेवढ्याच वाहकतेत नळी साडेसहा पट लांब करता येते. वायू फारच विरळ असेल तर हाच हिशेब व्यासाच्या घनावर चालतो आणि पट सुमारे चारवर येते, तरीही एका भिंतीपलीकडे जायला ती पुरते. नळीची कमाल लांबी आणि किमान व्यास काय चालेल हे उपकरणाच्या अभियंत्याकडून लिहून घ्यावे, म्हणजे नंतर हमीचा वाद निघत नाही.

हलवताना काही गोष्टी विसरल्या जातात. भिंतीला पाडलेले भोक नळीभोवती सिलिकॉनने बुजवले नाही तर आवाज त्याच वाटेने परत येतो. पंपाच्या धुराची नळी तेलकणांच्या फिल्टरमधून इमारतीबाहेर न्यावी, आणि तिच्यात साठणारे द्रव पंपात परत उतरणार नाही असा उतार किंवा मधे एक साठवण-भांडे ठेवावे. वीज गेल्यावर तेल मागे ओढले जाऊ नये यासाठीची झडप चालू आहे ना, तेही तपासावे. नजरेआड गेलेल्या पंपाचे तेल कोणी पाहत नाही, म्हणून तेलाची पातळी पाहण्याची तारीख त्याच्यावरच चिकटवलेली बरी. पलीकडच्या खोलीत कोण बसते याची चौकशीही आधीच करावी. आपला गोंगाट दुसऱ्याच्या माथी मारून प्रश्न सुटत नसतो.

पेटी

पंप बाहेर नेता येत नसेल तर त्याच्याभोवती पेटी. तिचे तीन गुण असतात : जड पृष्ठ, बंद सांधे आणि आतले मऊ अस्तर. पृष्ठाचे वजन दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने जास्त अडतो, आणि आवाजाची वारंवारता दुप्पट झाली तरीही तेवढाच. १८ मिलिमीटरचे प्लायवूड चौरस मीटरला साधारण साडेअकरा किलो भरते. कागदावरच्या हिशेबाने ते ५०० हर्ट्झला २८ डेसिबल अडवते आणि १०० हर्ट्झला १४. खर्जातली गुणगुण पेटीतूनही येत राहते ती यामुळेच. आत काचलोकर किंवा तत्सम तंतुमय अस्तर नसेल तर आवाज पेटीतच परतून परतून साठतो आणि बाहेर पडणारा भाग वाढतो. अस्तराचे तंतू उडू नयेत म्हणून त्यावर पातळ कापड आणि जाळी हवी.

सांध्यांचा प्रश्न लोक कमी लेखतात. पेटीच्या एकूण पृष्ठाच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तर भिंत कितीही जड असली तरी पेटी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. म्हणून दाराला रबरी पट्टी, नळीला रबरी वेढा आणि तारेच्या भोकाला पुट्टी. मात्र पूर्ण बंद पेटीत पंप शिजतो. ५०० वॅट वीज घेणाऱ्या पंपाची जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर तासाला सुमारे १५० घनमीटर हवा आतून वाहायला हवी. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात एअर कंडिशनर बंद पडलेल्या खोलीत ४० अंश असतील तर पेटीत ५० होतील, आणि अनेक पंपांना ४० अंशांच्या वरची हवा चालत नाही. म्हणून हवा येण्या-जाण्याच्या वाटा आडव्यातिडव्या वळणाच्या आणि आतून अस्तर लावलेल्या बोगद्यांतून काढाव्यात : हवा वळते, पण आवाज प्रत्येक वळणावर अस्तरात जिरतो. पंखा मोठा आणि संथ घ्यावा, वळणांमुळे प्रवाह घटतो हे धरून कागदावर लागतो त्याच्या दुप्पट क्षमतेचा. पेटीत तापमान ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यास इशारा देणारा स्वस्त थर्मोस्टॅट बसवणे मी अनिवार्य मानतो. अशा पेटीतून प्रत्यक्षात १० ते १५ डेसिबल मिळाले तर सुताराचे काम चांगले झाले असे म्हणावे.

पेटी सर्वांना लागू नाही. फ्रीझरला भरपूर मोकळी हवा लागते. त्याला कोंडले तर कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो, आवाज वाढतो आणि शेवटी नमुन्यांचे नुकसान होते. ज्वलनशील बाष्प किंवा हायड्रोजन साठू शकेल तेथेही पेटी नको. प्रोब सोनिकेटरला (द्रवात बुडवलेल्या सळईने आवाजाची कंपने सोडणाऱ्या यंत्राला) मात्र पेटी हवीच. त्याची सळई २० किलोहर्ट्झने, म्हणजे कानाच्या मर्यादेच्या काठावर थरथरते, पण द्रवात फुटणारे बुडबुडे त्याच्या निम्म्या वारंवारतेचा, १० किलोहर्ट्झचा कर्कश सूर काढतात. हा सूर उंच असल्याने हलक्या पेटीतही चांगला अडतो.

हवेचा आवाज

धूरकपाट चालू असताना येणारा आवाज दोन ठिकाणांहून येतो : पंख्यातून आणि नळातून वाहणाऱ्या हवेतून. पंखा कपाटाच्या डोक्यावर असेल तर तो गच्चीवर, नळाच्या शेवटच्या टोकाला नेणे दोन्ही दृष्टींनी बरे. आवाज दूर जातो, आणि खोलीतल्या नळात दाब बाहेरपेक्षा कमी राहिल्याने एखादा सांधा गळला तरी विषारी हवा खोलीत येत नाही. नळ आणि पंखा यांच्यामध्ये कॅनव्हाससारखा लवचिक तुकडा असावा. पंख्याच्या आवाजावर वेगाचा परिणाम फार तीव्र असतो : वेग २० टक्क्यांनी कमी केला तर आवाज सुमारे ५ डेसिबल आणि निम्मा केला तर १५ डेसिबल उतरतो. मोह होतो तो येथेच. कपाटाच्या तोंडाशी हवेचा वेग साधारणपणे सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास राखला जातो, तो माणसाच्या फुप्फुसांसाठी असतो. वेग मोजल्याशिवाय रेग्युलेटर फिरवणे म्हणजे कानांची सोय करून छातीला धोक्यात घालणे. कपाटाची पुढची सरकती काच खाली ओढून काम केले तर तोंड लहान होते आणि कमी हवेत तोच वेग मिळतो. ज्या कपाटात पंख्याचा वेग काचेप्रमाणे आपोआप बदलतो तेथे काच खाली ठेवण्याची सवय हाच आवाजाचा उपाय ठरतो. नळात तंतुमय सायलेन्सर बसवायचा असेल तर त्यातून कोणती आम्ले आणि द्रावके जाणार आहेत हे आधी सांगावे, नाहीतर तंतू ती शोषून घेतात आणि सायलेन्सर स्वतःच धोका बनतो.

आता भिंती

खोली आवाज किती घुमवते याचे पहिले शास्त्रशुद्ध मोजमाप हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस क्लेमेंट सॅबाइन यांनी केले. १८९५ मध्ये तेथील फॉग कलासंग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे, आणि वक्त्याचे पुढचे शब्द त्यातच बुडत. सॅबाइन यांनी दुसऱ्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री आणून मोजणी केली आणि नियम काढला : खोलीचे घनमीटरमधले आकारमान ०.१६१ ने गुणून खोलीतल्या एकूण शोषणाने (म्हणजे सगळा आवाज गिळणाऱ्या किती चौरस मीटर पृष्ठाइतकी खोली आवाज शोषते त्याने) भागले की निनादाचा, म्हणजे आवाज विरून जायला लागणारा, काळ मिळतो. आपल्या ६० घनमीटरच्या खोलीत फर्निचर आणि माणसे धरून शोषण ८ चौरस मीटर असेल, तर निनाद १.२ सेकंदांचा येतो. अशा खोलीत यंत्रापासून साधारण अर्ध्या मीटरच्या पलीकडे गेल्यावर थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाजच जास्त असतो. पंपापासून दोन मीटर सरकून बसले तरी दिलासा का मिळत नाही, याचे कारण हेच आहे.

आता छताला १५ चौरस मीटर खनिजतंतूंच्या टाइल्स लावल्या आणि त्या ७० टक्के आवाज शोषतात असे धरले, तर शोषण ८ वरून साडेअठरावर जाते आणि निनाद अर्ध्या सेकंदावर येतो. बोलणे लगेच स्पष्ट होते, खोली ‘शांत’ वाटू लागते. पण यंत्रांचा आवाज किती उतरतो? ३.६ डेसिबल. पुढे शोषण आणखी दुप्पट करावे तर फक्त ३ डेसिबल अधिक. आपल्या उदाहरणात यंत्रांवर काम करून आलेले ५६.४ डेसिबल छतामुळे ५२.८ होतात आणि सुरुवातीच्या ६४.२ शी तुलना करता आवाज कानाला निम्म्याहून कमी वाटतो. हेच छत आधी लावले असते तर ६० च्या वरच थांबावे लागले असते, आणि पैसे संपले असते.

अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल यांच्याविषयी एकदा स्पष्ट सांगायला हवे. थर्माकोलची छिद्रे बंद असतात, त्यामुळे हवा आत शिरत नाही आणि आवाज जिरत नाही. आणि ते इतके हलके असते की आवाज अडवतही नाही. ट्रेचा पुठ्ठा वरच्या सुरांना किंचित मऊ करतो, खर्जाला नाही, आणि दोन्ही वस्तू आगीला निमंत्रण देतात. पॉलियुरेथेनचा फोम आवाज शोषतो, पण पेटला तर विषारी धूर सोडतो. बर्नर, द्रावके आणि हॉट प्लेट असलेल्या खोलीत अग्निरोधक प्रमाणपत्र नसलेला फोम लावूच नये. शिवाय अडीच सेंटिमीटरच्या फोमला १०० हर्ट्झची गुणगुण दिसतच नाही, कारण त्या आवाजाची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर असते आणि ती जिरवायला तिच्या चौथ्या भागाच्या जवळ जाणारी जाडी किंवा मागे पोकळी लागते.

या लांब तरंगांचा एक फायदाही आहे. पाच मीटरच्या भिंतींमध्ये १०० हर्ट्झच्या आसपासचे तरंग अडकून स्थिर होतात, आणि काही ठिकाणी गुणगुण मोठी तर दीड-दोन पावलांवर जवळजवळ नाहीशी होते. खुर्ची सरकवून ती जागा शोधायला पैसे पडत नाहीत. त्याच न्यायाने यंत्र दोन भिंतींच्या कोपऱ्यात खुपसून ठेवले तर खर्ज वाढतो, म्हणून ते थोडे बाहेर ओढावे.

कानातले बोळे किंवा आवाज रद्द करणारे हेडफोन हा शेवटचा आधार आहे. असे हेडफोन खर्जातल्या अखंड गुणगुणीवर चांगले चालतात, पण ते घालून बसलेल्याला वायुगळतीचा इशारा किंवा शेजाऱ्याची हाक ऐकू न येण्याची शक्यता असते. एकट्याने काम करताना ते घालू नयेत आणि खोलीत दिव्याने लुकलुकणारा इशाराही असावा.

नवे उपकरण घ्यायचे असेल तेव्हा हे सगळे फार स्वस्तात साधता येते. निविदेत आवाजाची अट घालावी, पण ‘आवाज ५५ डेसिबलपेक्षा कमी असावा’ एवढ्यावर थांबू नये. आकडा ध्वनिशक्तीचा (यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकते त्याचा) आहे की ठरावीक अंतरावरच्या ध्वनिदाबाचा (तेथे कानाशी किती पोचतो त्याचा), अंतर किती, मोजताना पंप पोकळी गाठून चालत होता की वायू खेचत होता, आणि गॅस बॅलास्ट उघडा होता की बंद, हे विक्रेत्याने लिहून द्यावे अशी अट असावी. तेलाच्या पंपाऐवजी कोरडा, म्हणजे बिनतेलाचा, स्क्रोल पंप चालेल का, नायट्रोजन जनरेटरचा (हवेतून नायट्रोजन वेगळा काढणाऱ्या यंत्राचा) कॉम्प्रेसर वेगळा काढून बाहेर ठेवता येईल का, आणि पंपाची नळी किती मीटरपर्यंत वाढवली तरी हमी कायम राहील, हे तीन प्रश्नही त्याच कागदावर घालावेत. खरेदी समितीत आवाजाबद्दल विचारणारे सहसा कोणी नसते. म्हणून ज्याला त्या खोलीत रोज बसायचे आहे, त्याने तांत्रिक अटींचा मसुदा निविदा निघण्याआधी एकदा स्वतः वाचून घ्यावा.